सोन्यावर उतरलेल्या कथा

२००३ ते २००५ या तीन वर्षांत चीनमध्ये सोन्या-चांदीची एक रंगीत नाणेमालिका निघाली. तिच्यावर सम्राट नाहीत, पुढारी नाहीत, कोणत्या विजयाचे स्मरणही नाही. तिचा नायक एक वानर आहे. दगडातून जन्मलेला, ढगांवरून उड्या मारणारा, हवे ते रूप घेणारा सुन वुकोंग. त्याच्यासोबत एक शांत भिक्षू, एक वराहमुखी खादाड आणि नदीतून वर आलेला एक राक्षस. चौघे निघाले आहेत धर्मग्रंथ आणायला, आणि ते ग्रंथ आहेत भारतात. 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतली पश्चिम म्हणजे आपणच.

या कादंबरीमागे खरा माणूस आहे. भिक्षू ह्युएनत्संग सातव्या शतकात एकटा वाळवंटे ओलांडून आला, भारतभर हिंडला आणि ६४५ मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन परतला. तो महाराष्ट्रातही आला होता. पुलकेशी दुसरा तेव्हा राज्य करत होता, आणि इथली माणसे उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाची नोंद त्याने करून ठेवली. पुढे नऊ शतके लोक त्याच्या प्रवासाच्या गोष्टी सांगत राहिले, आणि सांगता सांगता त्यांत एक वानर शिरला. या वानराचे मूळ हनुमानात असावे, असे १९२३ मध्ये चिनी विद्वान हू शी यांनी सुचवले. लू शुन यांनी त्याचा उगम चीनमधल्याच एका जलदैत्यात शोधला. वाद अजून मिटलेला नाही. मला मात्र हू शींचे म्हणणे सोडवत नाही. ज्या वाटेने बुद्धवचन चीनमध्ये गेले, त्याच वाटेने रामकथेतला वानरही गेला असेल, तर त्यात नवल ते काय?

चिनी साहित्यातल्या चारही महाकादंबऱ्यांना असे नाण्यांचे भाग्य लाभले. 'तीन राज्यांची कथा' ही मालिका १९९५ पासून निघाली. 'लाल महालाचे स्वप्न' २०००, २००२ आणि २००३ मध्ये तीन संचांत आली. 'पश्चिमेची यात्रा' तिच्यामागून, आणि १०८ बंडखोर वीरांची 'जलकाठ' २००९ ते २०११ या काळात. ही नाणी चीनची मध्यवर्ती बँक काढते. शांघाय, शेनयांग, शेनचेन इथल्या टांकसाळींत ती पाडली जातात आणि १९८७ मध्ये स्थापन झालेली सरकारी सुवर्णनाणे कंपनी ती विकते. चीनने स्मरणनाण्यांसाठी सोने पहिल्यांदा वापरले १९७९ मध्ये, प्रजासत्ताकाच्या तिसाव्या वर्षी. १९८२ पासून पांडाची नाणी आली आणि जगभरच्या संग्राहकांचे लक्ष तिकडे गेले.

अशा नाण्यावर युआनमध्ये किंमत छापलेली असते, त्यामुळे कायद्याने ते चलन ठरते. पण आतल्या सोन्याची किंमत छापील आकड्याच्या कितीतरी पट असते, म्हणून ते घेऊन कोणी भाजी आणायला जात नाही. बाजारातला त्याचा भाव तीन गोष्टींनी ठरतो: सोन्याचे वजन आणि कस, एकूण किती नाणी पाडली तो आधीच जाहीर केलेला आकडा, आणि नाण्याची अवस्था. रंगीत छपाईच्या नाण्याला बोटाचा घामही बाधतो, म्हणून जाणते लोक ते पारदर्शक डबीतून बाहेर काढत नाहीत. प्रमाणपत्र हरवले तर भाव उतरतो. बनावट माल भरपूर आहे, आणि तो ओळखायची एक जुनी रीत पुढे येईलच.

मला या मालिकांत सर्वांत मोलाची वाटते ती निवड. टांकसाळीने कादंबरीकाराचा चेहरा घेतला नाही, कादंबरीतला प्रसंग घेतला. नाणे हातात घेणाऱ्याला प्रसंग ओळखता यावा लागतो. ज्याने पुस्तक वाचले आहे, निदान आजीच्या तोंडून ऐकले आहे, त्याच्यासाठीच ते नाणे बोलते.

आपल्याकडे सोन्यावर वाङ्मय कधी उतरले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी गुप्तांपासून सुरुवात केली. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवरचे लेख छंदात बांधलेले आहेत, एका नाण्यावर तो मांडीवर वीणा घेऊन बसला आहे, आणि अलाहाबादच्या स्तंभलेखात त्याला कविराज म्हटले आहे. पण त्या पद्यात कथा नाही, राजाची स्तुती आहे. कथेचा माग काढत गेलो तर वाट येऊन थांबते जबलपूरपाशी. नर्मदेच्या या प्रदेशात पाच-सहा शतकांच्या अंतराने दोन राजवंशांनी सोन्याची नाणी पाडली. पहिल्याच्या दरबारात संस्कृत नाटक रंगले, दुसऱ्याने रामायणातले एक नाव थेट सोन्यावर कोरले. मराठी वाचकाला या गावाची ओळख नव्याने करून द्यायला नको. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते घेतले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि त्या काळात मराठी कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली.

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना बारा-तेरा किलोमीटरवर तेवर गाव लागते. हीच त्या पहिल्या राजवंशाची, कलचुरींची, राजधानी त्रिपुरी. राजे यायच्या कितीतरी आधी या नगराची स्वतःची नाणी होती: ख्रिस्तपूर्व काळातली तांब्याची, ब्राह्मी लिपीत 'तिपुरी' असे गावाचे नाव मिरवणारी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सागर विद्यापीठातर्फे मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी इथे उत्खनन केले. कलचुरींचे शिलालेख आणि ताम्रपट यांचा प्रचंड संग्रह नागपूरच्या वासुदेव विष्णू मिराशींनी संपादित करून १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. त्रिपुरीचा इतिहास आज आपण ज्या खात्रीने सांगतो, त्याचा मोठा भाग या दोन मराठी माणसांच्या श्रमांवर उभा आहे. मिराशी मूळचे कोकणातले, पण आयुष्य गेले विदर्भात. एकेका ताम्रपटातल्या तिथीचा ते गणिताने ताळा करत. त्यांचे ते दोन जाड खंड उघडले की एका माणसाच्या हातून एवढे काम होते यावर विश्वास बसत नाही.

दहाव्या शतकात त्रिपुरीत युवराजदेव पहिला राज्य करत होता. भेडाघाटच्या टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर त्याच्याच काळातले मानतात. त्याच्या दरबारात कवी राजशेखर आला. राजशेखराच्या घराण्याची मुळे महाराष्ट्रातली. त्याच्या पूर्वजाला, अकालजलदाला, त्याने 'महाराष्ट्रचूडामणि' म्हटले आहे. त्याचे 'कर्पूरमंजरी' सगळेच्या सगळे प्राकृतात आहे. 'विद्धशालभंजिका' ही त्याची नाटिका त्रिपुरीच्या दरबारासाठी रचलेली. तिच्या चौथ्या अंकात एक पत्र येते आणि त्यात पयोष्णीच्या काठी झालेल्या लढाईची वार्ता असते. इतर वाचकांना ती नाटकाच्या शेवटी घातलेली शोभेची बाब वाटली. मिराशींनी ती इतिहास म्हणून वाचली. पयोष्णी म्हणजे विदर्भातली पूर्णा, लढाई अचलपूरच्या बाजूला झाली, आणि ती लढला युवराजदेव, आपला राष्ट्रकूट जावई बद्दिग अमोघवर्ष याला गादी मिळावी म्हणून, असे त्यांनी दाखवले. नाटिकेच्या एका अंकातून एक हरवलेली लढाई बाहेर आली.

युवराजदेवानंतर काही पिढ्यांनी गांगेयदेव गादीवर आला, साधारण १०१५ ते १०४१. १०३० च्या सुमारास लिहिणाऱ्या अल्-बिरुनीने 'तिऔरी' ही राजधानी आणि तिथला राजा गांगेय यांची नोंद केली आहे. याच गांगेयदेवाने सोन्याची नाणी पाडली, आणि ही फार मोठी गोष्ट होती. गुप्तांनंतर उत्तर भारतात सोन्याचे नाणे जवळजवळ आटले होते. काही शतके व्यवहार चालला तो चांदी-तांब्यावर आणि हिणकस मिश्रणांवर. गांगेयदेवाने सुमारे चार ग्रॅमचे सोन्याचे नाणे काढले. एका बाजूला तीन ओळींत नागरीत 'श्रीमद्गांगेयदेव', दुसऱ्या बाजूला पद्मासनात बसलेली चतुर्भुज लक्ष्मी. लक्ष्मी कोरणारा हात गुप्तांच्या कारागिरांइतका नाजूक नाही. चेहरा थोडा ठोकळ, अवयव रेषांनी दाखवलेले. पण ते नाणे विश्वासाचे ठरले. त्याचे अर्धे, पाव आणि अष्टमांशही निघाले, म्हणजे ते मानपानाला ठेवायचे नव्हते, व्यवहारात चालायचे होते.

मग त्याची नक्कल सुरू झाली. कनौज-काशीच्या गाहडवालांनी, चंदेलांनी आणि इतरांनी हाच नमुना उचलला: एकीकडे राजाचे नाव, दुसरीकडे बसलेली लक्ष्मी. ११९२ मध्ये पृथ्वीराजाचा पराभव केल्यानंतर महंमद घोरीने उत्तर भारतात जे सोन्याचे नाणे पाडले, त्यावरही लक्ष्मीच आहे आणि त्याचे नाव नागरीत आहे. लोकांचा विश्वास ज्या चित्रावर बसला होता, ते चित्र पुसण्याची हिंमत विजेत्यानेही केली नाही. त्रिपुरीतल्या एका ठशाचा हा प्रवास मला कोणत्याही विजयस्तंभाहून मोठा वाटतो.

या नक्कलकारांत चंदेल कीर्तिवर्मा आहे, आणि इथे नाणे व नाटक यांची गाठ पडते. गांगेयदेवाचा मुलगा कर्ण हा अकराव्या शतकातला अतिशय बलवान राजा. त्याने चंदेलांचे राज्य बुडवत आणले. पुढे कीर्तिवर्म्याच्या बाजूने गोपाल नावाच्या वीराने कर्णाचा पराभव केला आणि त्या आनंदात कृष्णमिश्राचे 'प्रबोधचंद्रोदय' नाटक रंगभूमीवर आले. विवेक आणि महामोह यांच्यातले युद्ध दाखवणारे हे रूपक. प्रस्तावनेतच कर्णाच्या पराभवाचा उल्लेख आहे. म्हणजे चंदेलांनी एका हाताने त्रिपुरीच्या राजाचा पराभव नाटकात गाजवला आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच बापाच्या नाण्याचा नमुना गिरवला. कर्णाचा दरबार काही कोरडा नव्हता. काश्मीरचा बिल्हण कल्याणीच्या चालुक्यांकडे जाण्याआधी इथे राहिला होता आणि इथल्या गंगाधर कवीला आपण हरवले, असे तो अभिमानाने सांगतो.

गांगेयदेवाच्या नमुन्याची पुढे जी नाणी निघाली, त्यांत सोने कमी होत गेले. हे कळते कसे? नाणे न खरवडता, न वितळवता कस काढायची रीत सोपी आहे. नाणे आधी हवेत तोलायचे, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलायचे. दोन वजनांतला फरक म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. त्यावरून घनता निघते. शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५. चार ग्रॅमच्या नाण्यात निम्मे सोने आणि निम्मी चांदी असेल तर घनता १३.६ च्या आसपास येते. इतका फरक सराफाच्या नाजूक तराजूवर लपत नाही. आजच्या बनावट चिनी नाण्यांनाही ही कसोटी लागू पडते. पितळेवर किंवा तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेले नाणे इथेच उघडे पडते. एका धातूपुढे मात्र ही रीत हरते. टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याच्या अगदी शेजारी. आत टंगस्टन आणि वर सोने असेल, तर ध्वनिलहरींनी किंवा विद्युतवाहकतेने तपासावे लागते. म्हणून मोठ्या वजनाचे नाणे घेताना केवळ तराजूवर विसंबू नये.

जुन्या सोन्याच्या नाण्यांवर आणखी एक खूण पुष्कळदा दिसते: कडेला भोक, किंवा डाख देऊन लावलेल्या कडीचा डाग. पुतळ्यांच्या माळेत, मोहरांच्या हारात ही नाणी बायकांच्या गळ्यात गेली. संग्राहकाच्या लेखी अशा नाण्याचा भाव पडतो. मला वाटते, अभ्यासकाने ते आनंदाने घ्यावे. चलन म्हणून संपल्यावरही लोकांनी ते मोडले नाही, अंगावर बाळगले, याचा तो पुरावा आहे.

आता गोंडांकडे येऊ, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

कलचुरी गेल्यानंतर गढा-मंडल्याला गोंड राजांचे राज्य उभे राहिले. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशहाने ते ५२ गढांपर्यंत वाढवले. जबलपूरजवळचा संग्रामसागर तलाव आणि बाजनामठ त्याची आठवण सांगतात. 'रसरत्नमाला' हा संस्कृत ग्रंथही त्याच्या नावावर आहे. या संग्रामशहाची सोन्याची नाणी मिळाली आहेत. त्यांवर सिंह आहे आणि लेखात राजा स्वतःला पुलस्त्यवंशातला म्हणवतो. पुलस्त्य हा ब्रह्मदेवाचा मानसपुत्र, विश्रव्याचा बाप. आणि विश्रव्याचे मुलगे म्हणजे कुबेर आणि रावण. मध्ययुगातला जवळपास प्रत्येक राजा आपली वंशावळ सूर्याला नाहीतर चंद्राला नेऊन भिडवत होता. प्रत्येकाला रामाच्या नाहीतर कृष्णाच्या घरात जागा हवी होती. संग्रामशहाने रावणाचे घर निवडले आणि ते लपवून ठेवले नाही, सोन्यावर कोरले. गोंड समाजात आज या नाण्याविषयी जो अभिमान आहे तो मला रास्त वाटतो. रामायण ही एकाच बाजूची मालमत्ता नाही, हे या राजाने राजमुद्रेने सांगितले. आणि कुबेरही त्याच घरातला हे विसरू नये; सोन्याच्या नाण्यावर धनपतीच्या आजोबांचे नाव यावे यात एक औचित्य आहेच.

संग्रामशहाची सून राणी दुर्गावती. ती चंदेल घराण्यातली, म्हणजे त्रिपुरीच्या नाण्याची नक्कल करणाऱ्या त्याच कुळातली लेक. नवऱ्याच्या, दलपतशहाच्या मृत्यूनंतर मुलाच्या नावाने तिने राज्य चालवले. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. २४ जूनला नर्रई नाल्याजवळ ती लढली आणि हत्तीवरच, पकडले जाण्याआधी, तिने स्वतःला संपवले. मग आसफखानाने चौरागढ घेतले. तिथे मिळालेल्या लुटीचे वर्णन मोगल बखरकारांनी केले आहे: जडजवाहीर, सोन्याच्या मूर्ती, हजार हत्ती आणि अल्लाउद्दीन खल्जीच्या अशर्फ्यांनी भरलेले शंभरेक हंडे. हत्तींपैकी दोनशेच अकबराकडे पोचले. बाकीचे आणि बहुतेक सोने आसफखानाने स्वतःकडे ठेवले.

अल्लाउद्दीनच्या अशर्फ्या म्हटले की मराठी माणसाच्या मनात देवगिरी येणारच. १२९६ मध्ये त्याने रामदेवराव यादवाकडून जे सोने नेले, त्यात यादवांचे पद्मटंक नक्की असणार: कमळाची छाप असलेली, राजाच्या नावाची, किंचित वाटीसारखी सोन्याची नाणी. याच रामदेवरावाच्या राज्यात, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी लिहून झाली होती. नेवाशात ओव्या उतरत होत्या तेव्हा बाजारात जे सोने फिरत होते, ते सहा वर्षांनी दिल्लीच्या वाटेला लागले. तिथल्या टांकसाळीत वितळलेल्या सोन्याचा काही अंश पुढे अडीच शतकांनी चौरागढच्या हंड्यांत असेल, असे मानायला मन ओढ घेते.

आता या कथेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. दुर्गावतीचे राज्य बुडाल्यावर चाळीस वर्षांनी, आपल्या राजवटीच्या अगदी शेवटी, इलाही सन ५० मध्ये, म्हणजे १६०५ मध्ये, अकबराने एक अर्धी मोहर पाडली. तिच्यावर धनुष्यबाण घेतलेला पुरुष आणि त्याच्यामागे चालणारी स्त्री आहे, आणि नागरीत 'राम सिय' अशी अक्षरे. दुसऱ्या बाजूला इलाही सन आणि महिना. वनवासाला निघालेले राम-सीता, मोगल बादशहाच्या सोन्यावर. याच बादशहाने रामायण फारसीत करून घेऊन चित्रांनी सजवले होते, महाभारताचे 'रझ्मनामा' करवले होते. ग्रंथशाळेतली चित्रे टांकसाळीत उतरली. अशी नाणी फारच थोडी उरली आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणेसंग्रहात आणि लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात सोन्याची आहेत, वाराणसीच्या भारत कला भवनात चांदीचे आहे.

दोन नाणी शेजारी ठेवून पाहा. एकावर गढ्याचा राजा आपण पुलस्त्याच्या कुळातले, असे सांगतो. दुसऱ्यावर ते राज्य बुडवणारा बादशहा राम आणि सीता कोरतो. कोणी ठरवून केलेला हा संवाद नाही. तरीही एका महाकाव्याच्या दोन बाजू साठ-सत्तर वर्षांच्या अवधीत सोन्यावर आल्या, आणि दोन्हींचा धागा जबलपूरच्या मातीतून जातो. संग्रामशहाला कुळ हवे होते. अकबराला बहुधा काहीच सिद्ध करायचे नव्हते, कारण इतकी कमी नाणी पाडून प्रचार होत नाही. ते आवडीने पाडलेले नाणे आहे. आजच्या चिनी मालिकांचा खरा पूर्वज शोधायचा तर तो मला या अर्ध्या मोहरेत दिसतो: थोड्याच प्रती, उत्तम कोरीव काम, आणि विषय ग्रंथातला प्रसंग.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. बाजारात, जत्रेत 'ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे रामदरबार नाणे' म्हणून जे विकतात, ते कंपनीने कधीही पाडलेले नाही. रामदरबाराच्या जुन्या धार्मिक मुद्रा, ज्यांना रामटंका म्हणतात, त्या खऱ्या होत्या. देवळांत आणि देवघरांत पूजेसाठी त्या केल्या जात. पण त्या चलन नव्हत्या आणि कंपनीच्या नव्हत्या. १८१८ सालचे नाणे दाखवून कोणी हजारो रुपये मागत असेल तर ते पैसे वाचवावेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, संग्रहात मात्र ते पुराणवस्तू म्हणून मोजू नये.

जमिनीतून खरेच जुने नाणे निघाले तर काय करायचे, तेही सांगतो. १८७८ चा निखातनिधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुराणवस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. जुन्या मध्य प्रांतात सापडलेले निधी या कायद्यामुळेच नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात तपासणीला येत, आणि म्हणूनच अभ्यासकांना कोणते नाणे कोणत्या गावात, किती नगांत, कशाबरोबर सापडले हे कळले. सराफाच्या मुशीत गेलेल्या नाण्याचे फक्त वजन उरते.

अशा नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे. जागा फार योग्य निवडली गेली. याच अंजनेरीला मिळालेल्या आठव्या शतकातल्या ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' या चांदीच्या नाण्यांचा उल्लेख येतो. हा कृष्णराज माहिष्मतीचा कलचुरी, त्रिपुरीच्या राजांच्याही आधीचा. नंदी असलेली त्याची नाणी तो गेल्यावर दीडशे वर्षांनीही नाशिक भागात चालत होती. ताम्रपट वाचला मिराशींनीच.

मग आज आपण आपल्या नाण्यांवर काय आणतो? ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, राणी दुर्गावतीच्या पाचशेव्या जयंतीवर्षाच्या आरंभी, जबलपूरला पंतप्रधानांच्या हस्ते तिच्या नावाचे स्मरणनाणे आणि टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे आले आणि २००२ मध्ये संत तुकारामांचे दोन रुपयांचे. ती आपण सगळ्यांनी खिशात वागवली, बसच्या तिकिटाला दिली. २०११ मध्ये रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीला दीडशे रुपयांचे नाणे निघाले. संग्राहकांसाठीची ही मोठी नाणी बराच काळ निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि उरलेले निकेल व जस्त अशा मिश्रधातूची, ३५ ग्रॅम वजनाची आणि ४४ मिलिमीटर व्यासाची निघत आली. २०१५ मध्ये सरकारने सोन्याचे नाणे काढले, पण त्यावर अशोकचक्र आणि गांधीजी आहेत आणि ते चलन नाही.

या सगळ्यांत एक उणीव मला सलते. आपल्या नाण्यांवर लेखक येतो, लेखन येत नाही. ज्ञानेश्वर बसलेले दिसतात, ज्ञानेश्वरीतले काही दिसत नाही. तुकाराम दिसतात, इंद्रायणी दिसत नाही. टपाल खात्याने ही वाट केव्हाच मोकळी केली: २०१७ मध्ये रामायणातल्या प्रसंगांची तिकिटे निघाली, त्याच वर्षी महाभारताचीही. टांकसाळीने तेवढेच करायचे आहे. मुंबईच्या टांकसाळीत कोरीव काम करणारे हात आहेत, चारशे वर्षांपूर्वीचा अकबराचा आदर्श आहे, हजार वर्षांपूर्वीचा गांगेयदेवाचा ठसा आहे.

सुरुवात कुठून करावी असे मला कोणी विचारले तर मी त्रिपुरीचे नाव घेईन. 'विद्धशालभंजिका' या नाटिकेत लाट देशाच्या राजाने आपली मुलगी मृगांकावली मुलाच्या वेषात राजाच्या अंतःपुरात धाडलेली असते. नायक तिला पाहतो, पण ते स्वप्न वाटते. मग महालातल्या खांबावर कोरलेल्या मूर्तीत त्याला तोच चेहरा सापडतो. कोरलेली शालभंजिका आणि तिच्यापुढे थबकलेला राजा: हा प्रसंग नाण्याच्या गोलात नेमका बसतो, आणि दुसऱ्या बाजूला गांगेयदेवाची चतुर्भुज लक्ष्मी जशीच्या तशी ठेवता येईल. दुसरे नाणे संग्रामशहाच्या सिंहाचे करावे, पुलस्त्याच्या नावासह. त्याचे प्रकाशन जबलपूरच्या मदन महाल किल्ल्याच्या पायथ्याशी व्हावे, आणि पहिला संच जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात ठेवावा.